तुडुम

बोरटोल्यात मोबाइल धानाच्या कोठीवर ठेवला
की दोन काड्या येतात.
तेवढ्यावर नागपूरचा सर्व्हर माझ्याशी बोलतो,
अडखळत, तिरोड्याच्या मामासारखा.

पडद्यावर एक पेशी आहे. म्हणजे पेशी नाही,
एकोणचाळीस ठिपके आणि त्यांच्यामधले बाण.
टोकाचा बाण म्हणतो, ऊठ.
आडव्या काठीचा म्हणतो, बस खाली.
प्रत्येक ठिपका एक जनुक,
चालू किंवा बंद, एक किंवा शून्य.
ही पांढरी पेशी राखणदार,
रक्तात माजलेल्या पांढऱ्याच पेशींवर सोडलेली.
आणि ती थकते.
मरत नाही. धुऱ्यावर उभी राहते,
समोर पीक चरून जातात
आणि ती नुसती बघते.

तीन आठवडे माझं हेच चाललंय:
एक जनुक बंद कर, हजारदा पळव, बघ.
पीडी-वन बंद. थकली.
एनफॅट अर्धा. थकली.
टॉक्स बंद. जरा उठली, आणि संपली.
कुठूनही सोडा,
सगळ्या वाटा त्याच खड्ड्यात येऊन थांबतात.

बाबा गावाचे पानकर, सोविंदा कापगते.
मामा तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत किती रात्री,
हे त्यांच्या डोक्यात, वहीत नाही.
मागे येऊन उभे राहतात, ओल्या पायांनी.
"हे पाट होत का, निरे?"
तसंच समजा.
"मंग तुडुम कोठी हाये?"

तुडुम म्हणजे पाळीच्या पोटातली दगडी वाट.
वर भोकं, भोकांत लाकडी खुट्या,
खुटी काढली की पाणी शेताकडे.
मी पीडी-वनवर बोट ठेवलं. ही खुटी.
काढली, तरी पाणी येत नाही.

ते हसले नाहीत.
"किती दिस बंद होती?"

पुण्यात हे मला कोणी विचारलं नव्हतं.
माझ्या जाळ्यात दिवसच नव्हते.
शून्य होतं, एक होतं,
मधे साचणारं काही नव्हतं.

"तीन साल खुटी नाई काढली का
गार बसते आतमंदी. मंग खुटी काढून का होते?
हात घाला लागते. खांद्यापरेंत."

रात्री मी चाळिसावा ठिपका जोडला.
त्याला जनुकाचं नाव नाही.
गाळ, असं लिहिलं देवनागरीत.
प्रोग्राम कुरकुरला, मग चालला.
शून्य नाही, एक नाही,
फेरीगणिक थोडा थोडा वाढणारा.
पहाटे साडेतीनला रेघ फुटली, दोन वाटा झाल्या.
अठराव्या फेरीपर्यंत खुटी काढा: पेशी उठते.
एकोणिसाव्याला: नाही.

मग खरे आकडे लावले, सतराव्या नमुन्याचे.
मुलगी, वय नऊ, जिल्हा गोंदिया.
रक्त घेतलं तेव्हा तिच्या पेशी
माझ्या हिशोबाने
सव्विसाव्या फेरीत होत्या.

चहा पिताना बाबा विचारतात,
"नाव का होतं पोरीचं?"
नाव काढूनच देतात, बाबा.
"काढून ठेवते कोठी?"
मला माहीत नाही.
"आन् हे सव्वीस, खरं का?"
खरं नाही. अंदाज.
गाळ किती बसतो ते मीच ठरवलंय.
मोजायला उंदीर लागतील, वर्षं लागतील,
एक समिती लागेल.

ते लुंगी खोचतात.
"चाल मंग. खालचा तुडुम दोन साल उघडला नाई."

पाळीवर बगळे. पाणी उतरलेलं.
बाबा पोटावर आडवे होतात,
कोपरापर्यंत हात, मग खांद्यापर्यंत,
गाल दगडाला टेकलेला, डोळे मिटलेले,
आतल्या कोणाची ओळख पटवत असल्यासारखे.
काळा लोंदा बाहेर येतो. एक शिंपला. पुन्हा लोंदा.
मी नको म्हणतानाही मोजते आहे.
सतरा. अठरा. एकोणीस.

हात अजून आतच आहे.